पहिला पेला कोण भरतो?

जून महिना लागला की लातूरच्या उद्योग भवन परिसरात आणि नांदेडच्या भाग्यनगर, श्यामनगर भागांत एक दृश्य दरवर्षी दिसते. मुखेड, कंधार, किनवट, उदगीर, अहमदपूर, निलंगा येथून, शिवाय परभणी, हिंगोली, बीडकडून कुटुंबे एसटीने वा भाड्याच्या जीपने येऊन उतरतात. सोबत पत्र्याची पेटी, गादीची वळकटी, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि दहावी उत्तीर्ण झालेला सोळा वर्षांचा मुलगा असतो. शिकवणीचे शुल्क भरले जाते, खोली ठरते, खानावळ ठरते. ‘लातूर पॅटर्न’च्या कीर्तीवर विश्वास ठेवून आई-वडील आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी ठेव दोन वर्षांसाठी परक्या शहराच्या स्वाधीन करतात. निघताना वडील सांगतात, “अभ्यासाकडं लक्ष दे, वेळेवर जेव, रोज फोन कर.” एक विषय मात्र बहुधा निघत नाही. तो काढणे म्हणजे मुलावर अविश्वास दाखवणे, असे वडिलांना वाटते. “आमचा मुलगा तसा नाही” या एका वाक्यावर तो विषय न काढताच मिटतो.

मुलगा तसा नसतोच. जन्मतः कोणताच मुलगा तसा नसतो. मग ज्या सायंकाळी तो पहिल्यांदा पेला हाती घेतो, त्या सायंकाळपर्यंत तो कोणत्या वाटेने येऊन पोहोचतो, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगर येथे एका भरधाव मोटारीने एक तरुण आणि एक तरुणी अशा दोन संगणक अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत होता आणि त्याआधी तो मद्य प्यायला होता, असा आरोप ठेवण्यात आला. बाल न्याय मंडळाने प्रारंभी ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून त्याला जामीन दिला, तेव्हा अवघा महाराष्ट्र संतापला. अल्पवयीन मुलाला मद्य दिले कोणी, मोटारीची किल्ली दिली कोणी, हे प्रश्न योग्यच होते. परंतु सारी चर्चा पबच्या दारापासून सुरू झाली आणि तेथेच संपली. मद्य पिण्याचा मनसुबा पबच्या दाराशी जन्माला येत नाही. तो त्यापूर्वी कित्येक महिने, किंबहुना कित्येक वर्षे, घरात, गल्लीत, मित्रमंडळात आकार घेत असतो. आणि घर, गल्ली, मित्रमंडळ ही काही केवळ पुण्यातील धनिकांची मिरासदारी नव्हे.

कायद्याची उणीव आहे असेही नाही. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांचे सेवन रोखण्यासाठी प्रयत्नशील राहण्याचा निर्देश राज्याला दिलेला आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे वयाची मर्यादा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७७ व्या कलमानुसार बालकाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा दुकानाच्या फळीपाशी उभा असतो. तेथवर येणाऱ्या मुलाच्या मनात काय चालले आहे, हे त्याला दिसत नाही. ते पाहण्याचे काम कुटुंबाचे आणि समाजाचे आहे.

मनसुबा कसा घडतो?

आइसेक आयझेन या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञाने १९९१ साली माणसाच्या मनसुब्याविषयी एक सिद्धांत सविस्तर मांडला. किशोरवयीनांच्या मद्यपानाच्या अभ्यासातही त्याचा जगभर आधार घेतला जातो. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा की, एखादी कृती करण्याचा मनसुबा तीन धाग्यांनी विणला जातो. पहिला धागा म्हणजे त्या कृतीविषयीचे स्वतःचे मत : ही गोष्ट आनंदाची, मर्दपणाची, की घातक? दुसरा धागा म्हणजे आपल्या माणसांविषयीचा अंदाज : माझे मित्र, माझे मोठे भाऊ हे करतात का, आणि मी केले तर त्यांना काय वाटेल? तिसरा धागा म्हणजे आपल्या शक्तीविषयीची जाणीव : नको म्हणणे मला जमेल का?

यात व्याख्यानातून मिळणाऱ्या माहितीचा वाटा फारच थोडा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. यकृत खराब होते, संसार धुळीला मिळतो, हे दहावीच्या मुलाला ठाऊक असते. तरीही तो पितो, कारण हे तीन धागे दुसऱ्याच कोणीतरी विणून ठेवलेले असतात. तो ‘दुसरा’ कोण, याचा शोध घेऊ लागलो की बोट वारंवार आपल्याकडेच वळते.

पहिला धागा घरात विणला जातो. गावाकडील घरात पिणारा चुलता असतो, तर शहरातील मध्यमवर्गीय घरात अलीकडे बैठकीच्या खोलीत काचेचे कपाट असते. मुलाने बाटलीला हात लावलेला नसतो. पण मोठी माणसे कधी पितात, पिताना कशी मोकळी हसतात, व्यवहार कसे जुळतात, हे सारे तो पाहतो. पहिला घोट घेण्याच्या फार आधी ‘दारूने मजा येते’ हे मत त्याच्या मनात पक्के झालेले असते. चित्रपटातील नायक त्यावर शिक्कामोर्तब करतो. दूरचित्रवाणीवर मद्याच्या जाहिरातींना २००० सालापासून बंदी आहे, तेव्हा त्याच नावांचा सोडा आणि संगीताच्या सीडी पडद्यावर अवतरल्या. २०२२ साली केंद्र सरकारने अशा आडून केलेल्या जाहिरातींनाही प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. तथापि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गाणी, विनोद आणि सहलीची छायाचित्रे यांच्या रूपाने तीच जाहिरात अहोरात्र चालू आहे.

“चोरून बाहेर पिण्यापेक्षा घरीच थोडी चाखू द्यावी, म्हणजे आकर्षण उरत नाही,” असा एक युक्तिवाद सुशिक्षित घरांतून ऐकू येतो. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० किशोरवयीनांचा सहा वर्षे पाठपुरावा करून झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाले. आई-वडिलांनी दिलेल्या मद्याने मुलांचे रक्षण होते, असे त्यात कोठेही आढळले नाही. उलट ज्यांना घरून मिळत होते, त्यांना पुढे बाहेरूनही मिळवण्याची सवय अधिक लागली. अमेरिकेतील १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, पंधरा वर्षांच्या आत पिणे सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पुढे कधी ना कधी मद्याच्या अधीन झाल्याचे दिसले. एकविसाव्या वर्षी वा त्यानंतर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते. पहिला पेला जितका लांबेल तितका मुलगा वाचेल, इतका या आकड्यांचा अर्थ सरळ आहे.

‘सगळेच पितात’ हे असत्य

दुसरा धागा सर्वांत बळकट आणि सर्वांत फसवा आहे. खोलीवरील मुलगा स्वतःशी म्हणतो, “सगळेच घेतात, मीच काय तो मागासलेला.” हे ‘सगळेच’ कितपत खरे आहे?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते १७ वयोगटात मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण १.३ टक्के होते. घरोघरी विचारून मिळालेला आकडा थोडा कमी भरू शकतो, आणि दहा वर्षांच्या मुलापेक्षा सतरा वर्षांच्या मुलात प्रमाण अधिक असणारच. त्यासाठी हा आकडा पाचपट धरला, तरी शंभरातील नव्वदहून अधिक मुले पीत नाहीत, हेच सत्य उरते. प्रौढांची स्थितीही पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे १ टक्का मद्य घेणारे आढळले. महाराष्ट्रात पुरुषांचे प्रमाण सुमारे १४ टक्के, तर शेजारच्या तेलंगणात सुमारे ४३ टक्के. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या माणसाला या तफावतीचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना तीच गोदावरी, तीच मांजरा, तेच सोयरेसंबंध. माणसाचा स्वभाव काही कोसागणिक बदलत नाही, बदलते ती रीत. आणि रीत माणसांनी घडवलेली असते, म्हणून ती माणसांना बदलताही येते.

वेस्ली पर्किन्स आणि ॲलन बर्कोविट्झ यांनी १९८६ साली अमेरिकेतील एका महाविद्यालयाचा अभ्यास करताना असे दाखवून दिले की, आपले सहाध्यायी प्रत्यक्षात जितके पितात त्याहून कितीतरी अधिक पितात, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. पिणारी चार मुले गोंगाट करतात, म्हणून ती दिसतात. न पिणारी चाळीस मुले पुस्तकात डोके घालून बसलेली असतात, म्हणून ती दिसत नाहीत.

येथे प्रबोधन करणाऱ्या आपणा सर्वांना आत्मपरीक्षण करावे लागेल. व्यासपीठावरून आपण कळकळीने म्हणतो, “आजची तरुण पिढी व्यसनांच्या खाईत बुडाली आहे.” हेतू शुद्ध असतो, पण समोर बसलेल्या मुलाच्या मनात नेमके उलटे उतरते : पिढी बुडाली असेल, तर मी एकटा काठावर काय करतो आहे? अतिशयोक्तीने केलेला इशारा नकळत निमंत्रण ठरतो. म्हणून यापुढे सत्य सांगावे : “तुझ्या वयाची बहुसंख्य मुले पीत नाहीत. तू एकटा नाहीस.”

मिरवणूक कोणाची आहे?

आता आपल्याच अंगणाकडे पाहू. मराठवाड्यातील बहुतेक मुलांनी दारूची पहिली संगत पबमध्ये पाहिलेली नसते. त्यांनी ती पाहिलेली असते वरातीत. डीजेच्या भिंतीपुढे नाचणारे नवरदेवाचे मित्र, जीपमागे चाललेली ओतण्याची लगबग, आणि “आज भावाचं लग्न आहे, एवढी तर घेशील” हा आग्रह. तेच गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत, तेच महापुरुषांच्या जयंत्यांत. ज्या दादाकडे वर्गणीची पावती असते, त्याच्याच हाती बाटलीही असते, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला हा दादा आदर्श वाटत असतो.

सार्वजनिक गणेशोत्सव १८९३-९४ च्या सुमारास आकाराला आला, तो लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने. त्याच टिळकांच्या नेतृत्वाखाली १९०८ साली पुण्यात मद्यपानाविरुद्ध चळवळ झाली. स्वयंसेवक दारूच्या दुकानांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांना परत फिरवीत असत. त्याच वर्षीच्या जूनमध्ये टिळकांना अटक झाली आणि पुढे मंडालेची शिक्षा झाली. मंडपात लोकमान्यांची तसबीर लावायची आणि मिरवणुकीच्या मागच्या ट्रॅक्टरवर बाटल्या ठेवायच्या, ही विसंगती मुले निमूटपणे टिपत असतात. परक्या संस्कृतीच्या आक्रमणावर आपण पुष्कळ बोललो. पण ही मिरवणूक परक्यांची नाही, आपलीच आहे.

आषाढातील अमावस्येचेच पाहा. ती दीप अमावस्या. घरातील समया, निरांजने उजळून त्यांची पूजा करण्याचा दिवस. तिला विनोदाने ‘गटारी’ म्हटले गेले, आणि आता अनेक मुलांना दिव्यांची पूजा ठाऊक नाही, गटारी मात्र ठाऊक आहे. नाव बदलले की मुलाच्या मनातील अपेक्षा बदलते. याउलट लातूर जिल्ह्यातील वेळ अमावस्या आठवावी. येळवशीला शहरे ओस पडतात आणि शिवारे गजबजतात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातील अंबिल. ओळखी-अनोळखीला हाक मारून जेवू घालायचे. आनंदाला दारू लागते, असे म्हणणाऱ्याने एकदा येळवशीच्या कोपीपाशी बसून अंबिलाचा तांब्या तोंडाला लावावा. एक अमावस्या दिव्याची होती, ती आपण घालवली. दुसरी अंबिलाची आहे, ती अजून टिकून आहे.

‘नाही’ला प्रतिष्ठा हवी

तिसरा धागा नकाराच्या शक्तीचा. सोळा वर्षांच्या मुलाला ‘नको’ म्हणणे किती अवघड असते, याचा आपल्याला विसर पडतो. मैत्री तुटण्याचे भय असते, चेष्टेचे भय असते. त्याला धैर्याहून अधिक गरज असते ती एका सन्माननीय कारणाची.

आपल्या परंपरेने असे कारण शतकानुशतके तयार ठेवले आहे. मराठवाड्याच्या कोणत्याही गावात “मी माळकरी आहे” एवढे तीन शब्द उच्चारले की आग्रह तेथेच थांबतो. चेष्टा होत नाही, उलट मान मिळतो. गळ्यातील तुळशीची माळ ही श्रद्धेची खूण आहेच, शिवाय ती नकाराची ढालही आहे. श्री गुरू गोविंदसिंहजींचे १७०८ साली ज्या नांदेडमध्ये देहावसान झाले, तेथे अमृतधारी शिखाला कोणी मद्याचा आग्रह करीत नाही, त्यामागेही हेच आहे. ज्याच्यामागे समाज उभा असतो, त्याला ‘नाही’ म्हणणे सोपे जाते. ज्या मुलाच्या गळ्यात माळ नाही, त्याच्यासाठीही अशी ढाल हवी. मल्लखांबाचा संघ, कबड्डीचा संघ, ढोल-ताशा पथक, अभ्यासिका यांचा एक स्पष्ट नियम असावा : “आमच्या पथकात कोणी घेत नाही.” मग मुलगा नकार देताना एकटा उरत नाही.

या शक्तीची खरी कसोटी लागते ती अपयशाच्या दिवशी. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर हा बुद्धिमान वकील. न्यायालयात झालेल्या अपमानाची सल त्याला सोसवत नाही, आणि ती विसरण्यासाठी तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. शंभर वर्षांपूर्वीचा तो सुधाकर आज ‘नीट’च्या निकालानंतर भाड्याच्या खोलीत बसलेला असतो. गावी काय तोंड दाखवू, वडिलांनी काढलेल्या कर्जाचे काय, या विचारांनी त्याचे डोके भणभणत असते. खोलीत वडीलधारे कोणी नसते. असतो तो कोणी तळीराम, आणि त्याचे म्हणणे एवढेच असते : “एक घे, डोकं शांत होईल.” त्या रात्री घरून फोन आला आणि पहिला प्रश्न “गुण किती?” असा असला, तर तळीरामाचे काम सोपे होते. पहिला प्रश्न “जेवलास का?” असा असला, तर अवघड होते.

काय करता येईल?

आइसलँड या चिमुकल्या देशाचे उदाहरण बोलके आहे. १९९८ साली तेथील १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्यात मद्याच्या धुंदीत गेल्याचे सांगत होती. २०१६ साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्यांनी भयकथांवर भर दिला नाही. प्रत्येक मुलाला खेळ, संगीत, कला यांसाठी अनुदान दिले, रात्री उशिरा मुले रस्त्यावर राहणार नाहीत असा नियम कसोशीने पाळला, आणि पालकांना एकमेकांशी बोलते केले. सायंकाळचे मैदान, मोठ्यांचा सहवास आणि घरी परतण्याची वेळ, एवढेच ते सूत्र होते. सायंकाळी मैदानावर मुले जमवणाऱ्या कार्यकर्त्यांना त्यात नवीन वाटण्याजोगे काही नाही. मात्र प्रश्न आहे तो शिकवणीच्या वेळापत्रकात मैदानाला अर्धा तास तरी मिळतो का, हा.

लातूर-नांदेडमध्ये हे करता येईल. ज्या भागांत विद्यार्थ्यांच्या खोल्या आहेत, तेथील चार-पाच कुटुंबांनी मिळून दहा-बारा मुलांचे स्थानिक पालकत्व घ्यावे, रविवारी एक वेळ जेवायला बोलवावे. शिकवणी वर्गांनी निकालाच्या आठवड्यात, यशस्वी मुलांचे फलक लावण्याआधी, अयशस्वी मुलांच्या खोल्यांवर जावे. गणेश मंडळांनी आणि लग्नघरांनी ‘मद्यमुक्त मिरवणूक’ आधीच जाहीर करावी, म्हणजे आग्रह करणाऱ्यालाच संकोच वाटेल. गावातील वा प्रभागातील एकूण महिला मतदारांपैकी ५० टक्क्यांहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीला मत दिले, तर दारूचे दुकान बंद करता येते. २००८ सालापासून असलेला हा अधिकार वापरावा.

शासनाचीही जबाबदारी आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीस मान्यता दिली. विरोधामुळे तो निर्णय अमलात आला नाही. दैवाचा योगायोग असा की, पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासह १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र उभे करणारे डॉ. अनिल अवचट यांचे निधनही त्याच दिवशी झाले. जून २०२५ मध्ये शासनाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले. मद्य महागले की अल्पवयीनांचे पिणे घटते, म्हणून हे स्वागतार्हच. पण वाढीव महसुलाचे सुमारे १४,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट जितक्या ठळकपणे सांगितले गेले, तितक्याच ठळकपणे विक्रेत्याकडून वयाची तपासणीही झाली पाहिजे.

ज्या मुलाने पहिला पेला घेतलाच आहे, त्याच्याशी कसे वागावे? त्याला वाळीत टाकणे म्हणजे तळीरामाच्या स्वाधीन करणे. एका चुकीने मुलगा वाया जात नाही. त्या चुकीनंतर घराचे दार बंद झाले, तर मात्र जाऊ शकतो.

पुन्हा जून येईल. पुन्हा पेट्या आणि वळकट्या उतरतील. त्या वेळी वडिलांनी नेहमीच्या तीन सूचनांना आणखी दोन वाक्ये जोडावीत : “कुणी लईच आग्रह केला तर ‘बापाला शब्द दिलाय’ म्हण. आन् चुकून कधी घेतलीसच, तर घाबरू नको, पहिला फोन मलाच कर.” ही दोन वाक्ये उच्चारायला अर्धे मिनिट पुरते. मात्र ती उच्चारण्याचा अधिकार येण्यासाठी आधी बापाने स्वतःचा पेला खाली ठेवलेला असावा लागतो.